सावडीचा निबंध

"ती मुकी हाय का गो?"

"मुकी नाय. इंग्लिश मीडियमची हाय."

पुस्तकांच्या कपाटामागून हे आलं, आणि पाठोपाठ ओढणीत दाबलेलं हसू. मी वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते. समोर कोरे कागद आणि एक जाडजूड शब्दकोश. मला ऐकू गेलंय हे कळू नये म्हणून मी शब्दकोशाचं पान उलटलं, मग आणखी एक उलटलं. दुपार होती, शहापूरचं आमचं कॉलेज रिकामं झालं होतं, पंखा बंद होता आणि खिडकीतून वास येत होता. शेण, वाळका पाला आणि त्याखालची माती एकत्र जळण्याचा. राबाचा वास.

तो वास आला की मला अजून ते वर्ष आठवतं.

गेल्या आठवड्यात तो पुन्हा आला. मी आता मुरबाडच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवते. सापगावहून एसटीने जाते. खिडकीशी बसले होते, तर लांब सिद्धगडाच्या बाजूला उतारांवर धुराच्या बारीक रेघा उठलेल्या दिसल्या. पळस फुलून गेले होते, मोहाखाली बाया टोपल्या घेऊन वाकल्या होत्या. पुढच्या बाकावरची मुलगी मांडीवर गाइड उघडून डोळे मिटून ओठ हलवत होती. परीक्षेचे दिवस आमच्याकडे असेच येतात, भाजलेल्या जमिनीच्या वासातून. लोकांना मार्चमध्ये आंब्याचा मोहोर आठवतो म्हणे. मला कॉलेजच्या ऑफिसातला निळा पडदा आठवतो.

मी मूळची सापगावचीच. पण पहिलीपासून बारावीपर्यंत कल्याणला आत्याकडे राहिले, नन्सच्या शाळेत शिकले. आत्याची बदली झाली तेव्हा घरी परत आले आणि शहापूरच्या कॉलेजात नाव घातलं. घरी सगळे माझ्याशी जरा जपूनच बोलत, पाहुणीशी बोलावं तसं. माझं मराठी तेव्हा शाळेच्या गणवेशासारखं होतं, इस्त्री केलेलं आणि घरात घालून बसता न येणारं. म्हणून मी गप्प राहायचे. गप्प राहिलं की माणसं तुम्हाला हुशार तरी समजतात किंवा गर्विष्ठ तरी. दोन्हीत बोलावं लागत नाही.

इंग्रजीच्या सरांनी मला हुशार समजलं. घाटावरचे होते, मनाने भले. पाड्यांवरून येणाऱ्या मुलांना इंग्रजी लिहिताना कुणीतरी शेजारी बसून मदत केली पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटायचं. त्यांनीच वाचनालयातला तो कोपरा मागून घेतला, पुठ्ठ्यावर 'लेखन मदत' असं स्वतः लिहून लावलं आणि मला म्हणाले, "तू फक्त बस. ती येतील." पहिले काही दिवस कुणीच आलं नाही. मग त्या तिघी आल्या. आधी कपाटामागे, मग टेबलाशी.

हिरी, सोमी आणि वेणू. तिघी डोळखांबच्या वरच्या अंगाला असलेल्या एकाच पाड्यातल्या, तिघी मुलींच्या वसतिगृहात राहायच्या. घरची माणसं दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची ती पावसाच्या तोंडाला परतायची. तेवढे महिने वसतिगृह हेच त्यांचं घर. वयाने माझ्याएवढ्याच, तरी मला ताई म्हणत. हिरी सगळ्यांत बोलकी, कपाळावर बारीक गोंदण. तिला डी.एड. करून पाड्याजवळच्या शाळेत बाई व्हायचं होतं. सोमी चेष्टेखोर. मला मुकी म्हणणारी तीच. वेणू फारसं बोलायची नाही, त्यामुळे तिची आणि माझी आपोआप ओळख झाली.

काम एवढंच होतं. इंग्रजीच्या पेपराआधी प्रत्येकाला आपल्या गावावर एक लांब निबंध कॉलेजात जमा करावा लागे. तो मान्य झाला तर हॉल तिकीट. हॉल तिकीट नाही तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की वसतिगृहातली जागा गेली. हे हिरीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, अगदी सहज, बसची वेळ सांगावी तसं. "जागा गेली का मंग आमी भट्टीवर."

माझ्याकडे इंग्रजी होतं आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं होतं. मध्ये मराठीचा एक अरुंद साकव होता, आणि त्यावरून दोन्ही बाजू भीत भीतच चालायच्या. घरात त्या वेगळंच बोलत, त्यांचं त्यांचं. आधी आपसांत ते बोलायच्या, मग हिरी त्याचं शाळेतलं मराठी करायची, मग मी त्याचं इंग्रजी. कित्येकदा मध्येच सगळं अडकायचं.

"राब भाजतो म्हणजे काय भाजता?" मी विचारलं.

"जमीन," हिरी म्हणाली.

"जमीन भाजता?"

सोमीने कपाळाला हात लावला. "ताईला भाकर भाजलेली ठावी. जमीन नाय."

मला हसू आलं. त्या कॉलेजात मी मोठ्याने हसले ती बहुधा पहिलीच वेळ. मग तिघींनी मिळून मला समजावलं. टेबलावर शब्दकोश म्हणजे शेताचा तुकडा, त्यावर ओढणी पसरली ती पाला, त्यावर कागदाचे कपटे म्हणजे शेण, वरून पुन्हा माती. मग वाऱ्याकडे तोंड करून पेटवायचं. पावसाआधी त्या राखेत भात पेरायचं, रोप तरारून येतं, तेच पुढे लावणीला. वेणू हळूच म्हणाली, "धूर डोल्यांत जातो तवा कळतं, आता पाऊस लांब नाय." माझ्या घरचीही भातशेती होती, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं.

त्यांची काम करायची रीत मी रोज बघत होते. तिघी टेबलाच्या एकाच बाजूला बसत. एकच कागद मध्ये. सुरुवात हिरीच्या निबंधापासून. एक जण वाक्य सांगायची, दुसरी "तसं नाय गो, आधी चिखल होतो" म्हणून हाणून पाडायची, तिसरी लिहायची. मी इंग्रजी पुरवायचे. हिरीचा निबंध पुरा झाला तेव्हा मला वाटलं, आता बाकीच्या दोघी आपापला लिहायला घेतील. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर मध्ये सोमीचा कोरा कागद, आणि तिघी पुन्हा पहिल्यापासून सुरू. तेच शेत, तोच राब, तीच लावणी. हिरीचा कागद उघडलासुद्धा नव्हता. तोंडाने सगळं पुन्हा उभं करत होत्या आणि सोमी लिहीत होती. सोमीचा झाल्यावर वेणूचा. तोवर वाक्यं त्यांच्या जिभेवर गाण्यासारखी बसली होती. वेणूच्या निबंधाला माझी गरज उरली नाही. मी नुसती ऐकत राहिले. तीन भाषा ओलांडून आलेली ती वाक्यं त्या मुली मान वर करून, एकमेकींच्या डोळ्यांत बघून म्हणत होत्या.

मी एकदा म्हटलं होतं, "प्रत्येकीने थोडं वेगळं लिहिलं तर?"

"वेगळं कुठलं आणायचं ताई?" सोमी म्हणाली. "पाडा येकच हाय."

आणि हिरी म्हणाली, "ही आमची सावड हाय. आज माझं, उद्या हिचं. तुमचं काय काम निघालं का सांगा. आमी येऊ."

सावड हा शब्द मी घरी येऊन आईला विचारला. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. "आपल्यात पन होती की," ती म्हणाली. "आता मजूर लावतो म्हनून तुला ठावी नाय. लावणीला सगळ्या बाया आज एकीच्या शेतात, उद्या दुसरीच्या. ज्या शेतात उभं ऱ्हायचं ते आपलंच शेत समजायचं. हात राखून लावायचं नाय." मग सुपातला खडा काढून टाकत म्हणाली, "आनि आपल्याकडं कोन आलं तर त्याच्याकडं गेल्याबगर ऱ्हायचं नाय. ते फार वाईट दिसतं."

निबंधातही त्यांनी ते लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर. सावडीला इंग्रजी शब्द आम्ही शब्दकोशात शोध शोध शोधला. जे सापडले त्यांत कुठे मजुरी होती, कुठे उपकार. हिरीने मान हलवली. शेवटी सावड हा शब्द तसाच ठेवला आणि खाली दोन ओळींत सांगितलं की आमच्याकडे कुणाचंच भात एकटीच्या हाताने लागत नाही.

बाकीच्या वर्गाचे निबंधही मी पाहिले होते. सरांनी नीट लावून ठेवायला दिले होते. स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे एका गाइडची पानं मिळायची, 'माझे गाव'. त्या गावाच्या पूर्वेला नदी होती, पश्चिमेला मंदिर, मध्ये पोस्ट आणि भोवती हिरवीगार कुरणं. आमच्या तालुक्यात कुरणं कुठली? पण गठ्ठ्यातल्या गावामागून गाव तशीच नदी वाहत होती. कुणी गावाचं नाव बदलायला विसरलाही होता. त्यावर कुणी काही म्हणालं नाही. ती सवयीची गोष्ट होती. गाइडमधून आलेलं सारखेपण डोळ्यांना दिसतच नाही. त्या गठ्ठ्यात जे तीन निबंध कुठल्याच गाइडमध्ये नव्हते, तेच तेवढे एकमेकांसारखे म्हणून उठून दिसले.

पुढे काय झालं ते सांगून टाकते, कारण ते मनात लांबवत ठेवण्यात काही सुख नाही. तिघींचे निबंध नकलेचे ठरले. हॉल तिकीट मिळालं नाही. वसतिगृहातून नावं कमी झाली. एका दुपारी तिघी पत्र्याच्या पेट्या घेऊन स्टँडवर उभ्या असलेल्या मी रस्त्यापलीकडून पाहिल्या. वेणूचं लग्न त्याच वैशाखात उरकलं. हिरी आईबापांकडे भिवंडीच्या भट्टीवर गेली. माझं हॉल तिकीट मात्र वेळेवर आलं. सरांनी स्वतः आणून हातात दिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझा यात काही संबंध नव्हता." मला चांगले मार्क मिळाले. वाचनालयातला पुठ्ठा पुढच्या वर्षी कुणीतरी काढला. पुढच्या वर्षी मदत मागायला कुणी आलंही नसतं.

परीक्षेच्या हॉलमध्ये बाकं लांब लांब मांडतात. दोन बाकांमध्ये एवढं अंतर की हात लांब केला तरी पोहोचू नये. मी तिथे बसले होते आणि पेपर सोपा होता. लिहिता लिहिता सारखं वाटत होतं की शेजारी कुणीतरी "तसं नाय गो" म्हणेल. मी लहानपणापासून अशीच लिहीत आले, एकटी, पानावर कोपर ठेवून, पलीकडच्या मुलीला दिसू नये म्हणून. कोपर ठेवायला मला कुणी शिकवलं ते आठवत नाही. 'स्वतःच्या शब्दांत लिहा' असं प्रश्नपत्रिकेत छापलेलं असतं. माझे इंग्रजी शब्द नन्सचे, मराठी आत्याचे, सावड हा शब्द हिरीचा. माझा स्वतःचा असा कुठला, हे मला आजही सांगता येणार नाही. पण मी नापास झाले नाही.

आता मुरबाडला मी ज्या खोलीत बसते, तिथे दारावर रंगवलेली पाटी आहे, 'लेखन मार्गदर्शन केंद्र'. आत नवी टेबलं आहेत, प्रत्येकाला वेगळं. भिंतीवर सूचना आहे की प्रत्येकाने आपले काम स्वतः करावे. मुलं येतात. कुणाच्या घरी एक भाषा, कुणाच्या दुसरी, वर्गात तिसरी, पेपरात चौथी. मी त्यांना परिच्छेद कसा पाडायचा ते सांगते, सुरुवात आणि शेवट सांगते. दोघी मैत्रिणी एका कागदावर वाकलेल्या दिसल्या की माझा जीव वर-खाली होतो आणि मी म्हणते, "लांब बसा गं." त्या माझ्याकडे बघतात. मग लांब बसतात. यालाच मदत म्हणतात, आणि याचाच मला पगार मिळतो. दुसरं काय करावं ते मला सुचलेलं नाही. वर्षं गेली तरी सुचलेलं नाही.

सोमी एकदाच भेटली. मुरबाडच्या स्टँडवर, डोक्यावर करवंदांची पाटी, कडेवर मूल. तिनेच हाक मारली. "ताई! बोलाय लागल्या का नाय अजून?"

मी विचारलं, कशी आहेस. हिरी कशी आहे.

"हाय. भट्टीवरच असते. ल्योक झाला तिला." तिने पळसाच्या पानात मूठभर करवंदं घालून माझ्या हातात कोंबली. पैसे घेतले नाहीत. "इंग्रजी समदं इसरले बघा. येवढं ध्यानात हाय, राब भाजायचं जे केलं होतं आपण." आणि ते वाक्य तिने म्हणून दाखवलं, स्टँडच्या गोंगाटात, पूर्ण, एकही शब्द न चुकता. मूल तिच्या तोंडाकडे बघत राहिलं. मग एसटी लागली आणि पाटी सावरत ती म्हणाली, "तुमच्याकडं यायचं आमचं ऱ्हायलंच, ताई."

तिला वाटतं, मी त्यांच्या सावडीला गेले होते आणि फेडायचं त्यांच्याकडे राहिलं. करवंदं आंबट होती. मी ती सापगाव येईपर्यंत एकेक करून खाल्ली. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

आणि तो निळा पडदा. ऑफिसच्या दाराला होता, मळका, पंख्याने हलणारा. त्या सकाळी मला आत बोलावलं होतं, मी मदत करायचे म्हणून. प्राचार्यांच्या टेबलावर तीन निबंध शेजारी शेजारी ठेवलेले. इंग्रजीचे सर भिंतीशी उभे. तिघी एका रेषेत, वेणू मध्ये.

प्राचार्य ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते समजावत होते. "हे बघा, मला तुमचं नुकसान करायचं नाही. तिघींपैकी खरा निबंध कुणाचा, एवढं सांगा. तिचा धरू. बाकीच्या दोघींचं मग नियमाप्रमाणे."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीचं तरी वर्ष वाचणार होतं.

"हिरीचा हाय, सर," सोमी म्हणाली.

"नाय, सर," हिरी म्हणाली. "सोमीचा हाय."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "म्हणजे कुणाचा?"

"वेणूचा," दोघी एकदम म्हणाल्या.

वेणूने मान खाली घातली. "हिरीचा हाय, सर. तिला बाई व्हायचंय."

"बघितलंत?" प्राचार्य सरांना म्हणाले. "धड खोटंही बोलता येत नाही यांना."

"तिघींचा हाय," हिरी म्हणाली.

"तिघींचा असा निबंध नसतो, बाळ."

त्यांच्या हाताखाली निबंध होता. दुसऱ्या पानावर सगळं लिहिलेलं होतं. सर खाली बघत पुटपुटले, "मला कळतं हो. पण उद्या कुणी बाहेरून तपासायला आलं तर मी काय दाखवू?" प्राचार्यांनी लाल पेन उघडलं आणि एका कागदावर तिघींची नावं लिहायला घेतली. हिरीचं, सोमीचं, वेणूचं. सोमीने एकदा माझ्याकडे पाहिलं. कुठलीच अपेक्षा नसलेली नजर होती ती. मुकीकडे बघावं तशी. बाहेर कुठेतरी राब पेटला होता. पडदा हलला तसा तो वास आत आला, आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते मी मनात आधी इंग्रजीत जुळवलं नव्हतं.

"सर," मी म्हटलं, "ही सावड चौघींची होती. चौथं नाव माझं लिहा."